दाजींची कादंबरी, माझी दशक्रिया

मिरजगाव, ता. कर्जत
मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मिरजगावहून धडधाकट मेहुणा मच्छिंद्र याचा साष्टांग नमस्कार.

आधी हिशेब सांगतो, म्हणजे पुढं बोलायला मोकळा. माझं मरण मला सातशे चाळीस रुपयांत पडलं. साडेतीनशेची फोटोची चौकट, दीडशेचा झेंडूचा हार (या हाराला कुणी घासाघीस करत नाही, हे हारवाल्याला पक्कं ठाऊक असतं), बाकी उदबत्ती, तांदूळ, काळे तीळ आणि किरकोळ. हा झाला कागदावरचा खर्च. खरा खर्च असा की ज्योती दीड दिवस माझ्याशी बोलली नाही, रतनअक्का अजून बोलत नाही, आणि तुमचा समर्थ सुप्याहून कंपनीतली पाळी अर्धवट टाकून माझ्या दारात आला. मीच त्याला चहाचा कप दिला. त्यानं कप घेतला, पण नजर माझ्या पायांवर. पावलं सरळ आहेत याची खात्री झाल्यावर मगच पहिला घोट घेतला. पोराला इंजिनीयर केलंत दाजी, पण संस्कार राहुरीचे राहिले, याचा मला आनंद आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? नवीन वाटी बसवल्यापासून जिना चढताना कटकट वाजते असं समर्थ सांगत होता. वाजू द्या. आवाज करणारी वस्तू चालू असते. गप्प झाली की दुरुस्तीला न्यायची, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. अक्काची शुगर, तुमच्या अंगणातला लिंबू, आणि तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सगळे ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडं ज्योती बरी आहे. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आमच्याकडंच आहेत, एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.

आता मुद्द्याचं. अक्कानं समर्थच्या तोंडी निरोप धाडला की मच्छिंद्रानं जितेपणी स्वतःच्या फोटोला हार घालून घेतला, सगळ्या भावकीला रडवलं, त्याबद्दल त्यानं राहुरीला येऊन माफी मागावी. दाजी, मी राहुरीला येईन, जेवीन, दोन दिवस राहीन. माफी मागणार नाही. जे केलं ते तुमच्या कादंबरीच्या इज्जतीसाठी केलं, आणि उद्या पुन्हा वेळ आली तर दुसऱ्या बाजूनंही फोटो काढून देईन.

तुम्हीच मला लिहिलं होतंत की गुडघ्यामुळं मला येता येत नाही, शूटिंगच्या जागी तू माझे डोळे आणि कान. दशक्रियेचं प्रकरण पुस्तकाबरहुकूम झालं तर ना-हरकतीवर सही करीन, नाहीतर सिनेमाच्या पाटीवरून माझं नाव काढायला सांग. डोळ्यांचं मी काही बोलत नाही, चष्मा आहे. पण कान! सायकलच्या कॅरियरवर एक भोंगा बांधून धंदा सुरू केलेला माणूस मी. आज चार टेम्पो, दोन जनरेटर, पाचशे माणसांचा मंडप, सगळं या दोन कानांच्या जिवावर उभं आहे. माझ्या जनरेटरवरच्या फैयाजनं कुठला जनरेटर लावलाय हे मी एसटी स्टँडवर उभा राहून सांगतो. पंगत बसली की कुठल्या ओळीत आमटी पोचली नाही, ते मला पळ्यांच्या आवाजावरून कळतं. माझ्या कानांतून आजवर काही सुटलेलं नाही. तुम्ही निवड बरोबर केलीत.

आणि कादंबरीचं म्हणाल, तर 'मळीचा वास' ज्याची तीन वेळा पुरी झालीय असा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात माझ्याशिवाय दुसरा दाखवा. तुम्ही दोन प्रती पाठवल्या होत्यात. एक घरात फिरते, दुसरी, तुमच्या सहीची, दुकानात काचेच्या कपाटात दर्शनी ठेवली आहे. शेवटचं पान तर मला तोंडपाठ. तुमचीच कादंबरी तुम्हाला सांगणं म्हणजे मुळेच्या धरणाला पाणी पाजणं, पण पुढचं सगळं भांडण तिच्यावरून झालं म्हणून सांगतो. आबासाहेब म्हणून गावातला मोठा माणूस मळीच्या टाकीत मरून पडतो. मारणारा त्याचाच भागीदार अण्णा, हे साऱ्या गावाला ठाऊक. कुणी बोलत नाही. दहाव्याला अण्णाच माईक हातात घेऊन श्रद्धांजलीचं सगळ्यात सुंदर भाषण करतो आणि सगळं गाव मान खाली घालून ऐकतं. पोलीस येत नाहीत, कोणी पकडलं जात नाही. आणि मग शेवटच्या पानावर आबासाहेबाची बायको गोदाबाई उठते आणि एवढंच म्हणते, "बंद करा तो माईक." संपलं. दाजी, पहिल्यांदा ते वाक्य कानावर पडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. माईकवाल्या माणसाला त्या वाक्याचं वजन जेवढं कळतं तेवढं समीक्षकाला कळायचं नाही.

तर हे सिनेमावाले. दिग्दर्शक हर्षल, पुण्याचा, तिशीचा, पोरगा वाईट नाही, कानात बाळी आहे पण थोरामोठ्यांना वाकून नमस्कार करतो. गावाबाहेर ओढ्याकाठी दशक्रियेचा देखावा उभा करायचं काम त्यानं मला दिलं. अंधारी कादंबरी म्हणजे काय याची या मंडळींची समजूत अशी की दिवे कमी लावायचे. मी म्हटलं, बाबा, दशक्रिया सकाळी असते, ऊन मरणाचं असतं, आणि दाजींच्या पुस्तकातला अंधार त्या उन्हातच आहे. हे त्याला पटलं. (माझ्याकडचे सगळे हॅलोजन भाड्यानं घ्यायचे ठरले होते, ते या एका वाक्यानं बुडाले. तरी बोललो.) पण खरी गोम निर्मात्याची होती. निर्मात्याचं म्हणणं, खुनी सुटला तर लोक खुर्च्या फोडतील, तेव्हा भाषण चालू असताना इन्स्पेक्टर जीप घेऊन सरळ मंडपात घुसणार आणि अण्णाला बेड्या घालणार. हर्षल तोंड पाडून म्हणाला, काका, माझा इलाज नाही. मी म्हटलं, माझा आहे. शूटिंगच्या दिवशी मी खांब साडेपाच फुटांवर रोवले. जीप आली, तोंड आत घालून पाहिलं, आरसा मोडला, मागं गेली. निर्मात्याचा माणूस म्हणाला खांब काढा. मी म्हटलं काढतो, पण ताडपत्री खाली येईल, खाली अडीचशे माणसं बसलीत, लेखी द्या. लेखी कोण देतो? इन्स्पेक्टर झालेला नट दिवसभर रसवंतीवर बसून रस पीत राहिला आणि संध्याकाळी पुण्याला गेला. दाजी, पुस्तक म्हणजे लग्नघरच्यांनी सांगितलेलं माप, आणि सिनेमा म्हणजे मंडप. जागेप्रमाणं फूटभर इकडंतिकडं होणार, ते मला मान्य. पण मंडपाचं तोंड ज्या दिशेला सांगितलं त्याच दिशेला राहिलं पाहिजे.

इतर ठिकाणीही मी सोडलं नाही. त्यांच्या कागदांत अण्णाच्या तोंडी शिव्या, त्याही अशा की फैयाजसारखा ट्रकवाल्यांत वाढलेला माणूस खाली बघायला लागला. मी हर्षलला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आमच्या दाजींच्या पुस्तकात एकही शिवी नाही. अण्णा रागावला की 'तुझं भलं होवो' म्हणतो, आणि तेच जास्त भयानक वाटतं. मग तो कुत्रा. यांच्या सिनेमात अण्णा आबासाहेबाच्या कुत्र्याला विष घालतो. मी म्हटलं, मुळीच नाही, पुस्तकात कुत्रा मिरजगावच्या बाजारात पळून जातो आणि एका हॉटेलवाल्याकडं सुखानं राहतो. आणि शवविच्छेदनाचा प्रसंग! यांनी लाल रंगाच्या दोन बादल्या आणल्या होत्या. दाजी, तिथं तर मला तुमचा खरा अभिमान वाटला. दुसरा लेखक असता तर त्यानं चार पानं चिरफाड लिहिली असती. तुम्ही काय लिहिलंत? 'डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि चहा घेतला.' याला म्हणतात संयम. हे सगळं मी हर्षलला सांगत होतो तसतसा तो माझ्याकडं जास्तच आदरानं बघायला लागला. शेवटी हळूच विचारलं, "काका, तुम्ही कुठली आवृत्ती वाचलीत?" मी म्हटलं, सहीची.

आता फोटो. आबासाहेब सिनेमात जिवंत दिसतच नाही, नुसता हार घातलेला फोटो. यांनी मुंबईहून कुणाचा तरी फोटो आणला होता, दाढी रेखून कोरलेली, छाती व्यायामशाळेतली. तो माणूस मळीच्या टाकीत पडला असता तर मळीच बिचकली असती. पुस्तकात लिहिलंय, 'आबासाहेबाच्या मिशीत पावसाळ्यातसुद्धा धूळ दिसायची.' मी गावभर नजर फिरवली, अशी मिशी एकाच्याच तोंडावर आहे. दुकानाच्या उद्घाटनाचा फेट्यातला माझा फोटो मी स्वतः काढून दिला. चौकट मी केली, हार मी आणला, कारण यांचा हार प्लास्टिकचा होता आणि माशा बसत नव्हत्या. यात कुठं चुकलो ते अक्कानं सांगावं.

पहिला घोटाळा कावळ्यानं केला. पुस्तकात कावळा दुपारपर्यंत पिंडाला शिवत नाही, लोक हात जोडून नाही नाही ती वचनं देतात, तरी शिवत नाही, कारण आबासाहेबाचा जीव न्यायात अडकलाय. इथं पिंड ठेवला आणि भटजींचा हात मागं यायच्या आत कावळा हजर. पुन्हा पिंड, पुन्हा कावळा. तिसऱ्यांदा तर दोघं. हर्षल डोक्याला हात लावून बसला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी समाधानानं म्हटलं, "मच्छिंद्रअण्णाची काय बी इच्छा राहिली नव्हती बघा." दाजी, माझी दोन एकर बागायतीची इच्छा आहे, तिसऱ्या टेम्पोचं इंजिन बदलायची आहे, पण त्या कावळ्याला कोण सांगणार? शेवटी फैयाजनं भोंग्यातून फटाक्याचा आवाज काढला तेव्हा कावळे हलले.

मग भाषणं. हर्षलचं ठरलं होतं की एकच भाषण, अण्णाचं काम करणाऱ्या नटाचं, दोन मिनिटांचं. त्याला आमचा तालुका माहीत नाही. आमच्याकडं दशक्रियेला माईक उघडा दिसला की श्रद्धांजली वाहिल्याशिवाय माणसाला घास उतरत नाही. मेलेला कोण हे महत्त्वाचं नसतं. माईक आहे आणि समोर माणसं बसलीत, एवढं पुरे. नटाचं भाषण संपलं, हर्षल 'कट' म्हणायला तोंड उघडतो तोवर आपले माजी सरपंच काकासाहेब टोपी सावरत माईकपाशी पोचले होते. त्यांना गर्दीत बसायला बोलावलं होतं, फुकट जेवण आणि टोपी. त्यांनी फोटोकडं बघितलं. फोटो माझा. आबासाहेब, सिनेमा, पुणे, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

"मच्छिंद्र गेला," ते म्हणाले, टोपी काढून छातीशी धरली, "पण मंडप राहिला."

मी बाजूला साउंडच्या टेबलाशी बसलो होतो, हात बटणावर. दाबायला क्षण लागला नसता. दाबलं नाही. स्वतःच्या दशक्रियेची भाषणं स्वतःच्या यंत्रावर ऐकायला मिळणारा माणूस जिल्ह्यात झाला नाही, होणार नाही. उलट आवाज थोडा वाढवला. काकासाहेब म्हणाले, मच्छिंद्रासारखा दिलदार माणूस नाही (त्यांच्या पुतण्याच्या लग्नात नेलेल्या माझ्या चाळीस खुर्च्या त्यांच्या गोठ्यात आहेत, म्हशीला टेकायला). त्यांच्यामागं पतसंस्थेचे एक संचालक उठले, मला कधी भेटले नव्हते, ते म्हणाले आम्ही एका ताटात जेवलो. आमचा धंद्यातला समोरचा, पलीकडच्या गल्लीतला मंडपवाला, तो तर ढसाढसा रडला आणि म्हणाला, "माझा गुरू गेला. त्यांची ताडपत्री गळायची, पण नियत गळकी नव्हती." हे शेवटचं वाक्य तेवढं अगदीच खोटं नाही. एकेक जण खोटं बोलत होता, समोरचे अडीचशे लोक खाली मान घालून ऐकत होते, आणि मी पलीकडं जिवंत बसलो आहे हे त्यातल्या प्रत्येकाला दिसत होतं. दाजी, हीच तुमची कादंबरी! कुणी वाचलेली नव्हती आणि सगळे अक्षर न अक्षर करून दाखवत होते. हर्षलला तर वेड लागायची पाळी. कॅमेरावाल्याच्या कानात सारखा म्हणत होता, थांबवू नको, थांबवू नको. याच वेळी कुणा शहाण्यानं भाषणाचं चित्रण मोबाईलवर सोडलं, ते सुप्याला समर्थपर्यंत आणि तिथून अक्कापर्यंत गेलं. रडारड झाली ती इथून. जबाबदार मी नाही, ज्याचा मोबाईल त्याला बोला.

आता शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गोदाबाईचं काम करणारी स्नेहल म्हणून मुलगी, चांगली नटी आहे, पदर दातांत धरून पहिल्या ओळीत बसली होती. हर्षल तिला म्हणाला, "तू काही बोलायचं नाहीस. भाषणं संपतात, तू फक्त बसून राहतेस."

माझ्या कानशिलात आग झाली. मी टेबल सोडून कॅमेऱ्यासमोर गेलो आणि सांगितलं की हे चालणार नाही, पुस्तकात ती उठते आणि माईक बंद करायला सांगते. हर्षल म्हणाला, "काका, ती नाही सांगत." मी म्हटलं, सांगते. तो म्हणाला मी दहा वेळा वाचलंय. मी म्हटलं, दहा वेळा वाचून ज्याला शेवटचं पान कळत नाही त्यानं कीर्तनाचं शूटिंग करावं, कादंबरीला हात लावू नये. तो म्हणाला, तिचं गप्प बसणं हाच तर शेवट आहे. मी म्हटलं, अरे बाबा, अडीचशे माणसं गप्प आहेतच की, त्यात आणखी एक बाई गप्प बसली तर त्यात लिहिण्यासारखं काय राहिलं? आमचे दाजी काय वेडे आहेत? एवढं बोललो आणि फैयाजला हात केला. फैयाजनं जनरेटर बंद केला. दिवे गेले, पंखे गेले, कॅमेऱ्याची काय ती बत्ती गेली. मी म्हटलं, दाजींचं वाक्य आलं की लाईट येईल. निर्मात्याच्या माणसानं मला पोलिसांची धमकी दिली. मी म्हटलं, बोलवा, इन्स्पेक्टर रसवंतीवर आहे.

अर्धा तास असा उन्हात गेला. माणसं टोप्यांनी वारा घालत होती. शेवटी हर्षल हात जोडून म्हणाला, दोन्ही तऱ्हेनं घेऊ, एकदा गप्प, एकदा बोलून, मग लेखकच ठरवतील. यावर मी जनरेटर चालू करू दिला. आधी गप्प बसण्याचं घ्यायचं ठरलं. पुन्हा सगळे बसले. कुणी काही म्हणायच्या आत काकासाहेब पुन्हा माईकवर! म्हणे, मघाशी मच्छिंद्राच्या बालपणाबद्दल राहिलं.

आणि तेवढ्यात ज्योती आली. घरी तिला कुणीतरी सांगितलं होतं की ओढ्यावर तुझ्या नवऱ्याचा दहावा चाललाय. पायांत चप्पल नाही, हाताला पीठ, मंडपाच्या मागल्या बाजूनं बायकांतून वाट काढत थेट स्नेहलच्या मागं येऊन उभी राहिली. हार घातलेला फोटो बघितला. मग मला बघितलं, कानाला हेडफोन लावून बसलेला. मग काकासाहेबांना. आणि एवढंच म्हणाली,

"बंद करा तो माईक."

ओरडली नाही. पोळी करपल्यावर बोलते त्या आवाजात. काकासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. स्नेहलनं दचकून मान वर केली, तोंडावर पदर तसाच. अडीचशे माणसांच्या माना वर झाल्या. ओढ्यातला बेडूक ऐकू येत होता, दाजी. मी आपोआप माईक बंद केला. हर्षल डोळे पुसून म्हणाला, "हे पुस्तकापेक्षा भारी आहे." मी म्हटलं, पुस्तकापेक्षा काय, हे पुस्तकातलंच आहे, केव्हापासून काय सांगतोय? तो माझ्याकडं बघायला लागला, मग ज्योतीकडं. ज्योती म्हणाली, "चला, आईच्या डोळ्यात थेंब घालायचेत," आणि निघून गेली. स्नेहलच्या तोंडावर पदर असल्यामुळं ओठ दिसत नाहीत, तेव्हा सिनेमात तोच आवाज राहणार. पाटीवर 'आवाज: सौ. ज्योती' असं नाव येणार आहे.

तर असं आहे. तुमची दशक्रिया पुस्तकाबरहुकूम झाली, इन्स्पेक्टर रसवंतीच्या पुढं आला नाही, कुत्रा सुखरूप आहे, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं. अक्काला म्हणावं, रागवायचं असेल तर रागव, पण पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बस. बाकी सर्व ठीक. लिंबाला शेणखत घाला.

आपला, हयात,
मच्छिंद्र

ता.क. सोबत ना-हरकतीचा कागद आहे. पेन्सिलीनं फुल्या मारल्यात तिथं सह्या करा. हर्षल रविवारी न्यायला येतो आहे, तेव्हा समर्थच्या हाती शनिवारपर्यंत पाठवा. फार वाचत बसू नका, छापील आहे.

ता.क. दुसरा, बुधवारी सकाळी. पत्र पाकिटात घालणार होतो, म्हटलं शेवटच्या वाक्याचा पान नंबर घालावा, पुरावा पक्का राहील. घरातली प्रत शेजारणीकडं गेलेली, म्हणून दुकानातली सहीची काढली. धुळीसाठी गुंडाळलेलं प्लॅस्टिक पहिल्यांदाच फोडून. आता लपवत नाही, तुमचं पुस्तक मी तीन वेळा ऐकलं आहे. ज्योती सासूबाईंना वाचून दाखवायची, एकदा संपलं, सासूबाई म्हणाल्या पुन्हा वाच, मग शेजारच्या बायका आल्या म्हणून तिसऱ्यांदा, आणि मी भिंतीपलीकडं पडून. कानांनी वाचलं तरी ते वाचणंच, यात मी मागं हटत नाही. पण पहिल्याच पानावर अण्णा जे बोलतो ते वाचून मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. कुत्रा चाळिसाव्या पानावर मरतो, फार वाईट मरतो. डॉक्टर चहा घेतच नाहीत. आणि शेवटचं पान असं: अण्णाचं भाषण संपतं, आणि 'गोदाबाई काहीच बोलली नाही.' एवढंच. मी ज्योतीला विचारलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "आई पुढं सरकून विचारत होती, मग ती बाई काय म्हनली गं? आई स्वतः चाळीस वर्सं गप्प बसलेली. तिला सांगू, की काही न्हाई म्हनली?"

दाजी, तुम्ही सही करा. तुमचं पुस्तक खरं आहे हे मला त्या दिवशी भाषणं ऐकताना कळलं, त्याबद्दल वाद नाही. पण माणसं गप्प बसतात हे आम्हाला ठाऊकच आहे, ते वाचायला दोनशे पानं लागत नाहीत. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शेवटची ओळ बदला, म्हणजे सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक राहील. शिव्या राहू द्या. कुत्र्याचं जमलं तर बघा.

ता.क. तिसरा. दुपारी सासूबाईंना खरी ओळ मी वाचून दाखवली, अगदी हळू. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं." मी विचारलं, कसं? म्हणाल्या, "पुस्तक मिटल्याचा आवाज आदी आला हुता. ती शेवटची ओळ मागनं आली." तिन्ही वेळा तसंच झालं होतं म्हणे. तिन्ही वेळा मी भिंतीपलीकडं जागा होतो.